फिर्मांची जीभ

"यात मीठ कुठं आहे?" फिर्मांने ताटली पुढे ढकलली.

नोएलीने डोळे मिटले. माकूळ-टोमॅटोचं तिखट सारण पिठाच्या पारीत भरलेली तिएल ती चाळीस वर्षं भाजत होती, आणि या तीन महिन्यांतच म्हणे तिच्या हाताची चव गेली!

"खारट झालीय ती, खारट! मांजरानं तोंड लावलं नाही."

"मांजराला काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त! डॉक्टरकडे चल, डॉक्टरकडे चल, सांगून घसा बसला माझा."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत स्वारी कोट चढवू लागली.

'मेरीमाते,' नोएली पुटपुटली, 'मला धीर दे, नाहीतर याला अक्कल दे. दोन्ही मागत नाही.'

हिवाळ्याच्या तोंडावर आलेल्या तापात फिर्मांची चव गेली, वासही गेला. ते तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. पण बोलणार कोण? फिर्मां म्हणजे गावाची जीभ! थो नावाच्या खाऱ्या तळ्याकाठच्या त्या गावात सोसायटीची नवी पांढरी वाइन, पिकपूल, तयार झाली की एकतीस वर्षं पहिला घोट त्याचा. आधी एक कच्चं कालव, मग घोट. जिभेवरचा समुद्र त्या लिंबासारख्या आंबट घोटाने धुऊन निघाला की तो म्हणायचा, "जाऊ दे." तोवर दुसरं कुणी पेल्याला हात लावत नसे. आणि कालवं नोएलीची. तळ्यात दोरांवर तिनेच वाढवलेली, तिनेच उघडलेली.

आज तोच दिवस होता.

"बरं नाही म्हणून सांगते त्यांना," वाटेत तिने पुन्हा म्हटलं.

"आणि माझ्या जागी कोण? चेअरमन रूकेत? त्याला वाइन नि व्हिनेगर सारखंच!"

हट्टाला उतारा नाही.

सोसायटीच्या दालनात चाळीसेक माणसं मेजांभोवती उभी होती, पुढ्यात भरलेले पेले नि कालवांच्या बश्या. पहिल्या दोन टाक्यांची वाइन फिर्मांने "जाऊ दे" म्हणत पास केली. नोएलीचा जीव भांड्यात पडतोय तोच तिसऱ्या टाकीचा पेला तिच्या नाकाशेजारून गेला. आंबूस वास. स्पष्ट आंबूस.

फिर्मांने कालव गिळलं, घोट घेतला, विचार केल्यासारखा थांबला.

"जाऊ दे!"

चाळीस हात पेल्यांकडे गेले. आता पहिल्याच घोटाला सगळं गाव याच्या तोंडाकडे बघणार!

"थांबा!" नोएली ओरडली. "पिऊ नका कुणी! ते कालव खराब होतं. त्यापायी त्याच्या तोंडाची चव गेली. चूक माझी."

रूकेतने पेला नाकाशी धरला. "अरे, ही आंबलीय! बरं झालं वहिनी, बोललात." मग त्याने हलक्या हाताने आपली बशी बाजूला सारली. त्याच्या शेजारणीनेही सारली. हळूहळू साऱ्या मेजांवरच्या बश्या मागे सरकल्या. कुजबुज झाली. नोएलीचं कालव, आणि खराब?

ती मान खाली घालून सुरी पुसत राहिली. पुसायला सुरीवर काही नव्हतं.

फिर्मां आपल्या उंच स्टुलावरून उतरला. रूकेतची बशी त्याने ओढली, एक कालव उचलून गिळलं. मग दुसरं. मग तिसरं.

"कालवं ताजी आहेत," तो म्हणाला. "जीभ माझी गेलीय. तीन महिने झाले."

बशी संपली तशी त्याने शेजारणीची ओढली. मग तिसरी. लिंबू नाही, पाव नाही, वाइन नाही. ज्याची काडीइतकी चव लागत नव्हती ते तो एकामागून एक खात राहिला, शांतपणे, शिंपल्यातलं पाणीसुद्धा न सांडता.

नोएलीने टोपलीतून नवं कालव घेतलं, बिजागरीत सुरी खुपसली.

"हळू खा, मेल्या," ती करवादली. "पुढचं उघडू तर देशील!"