तिसऱ्या पोर्टवरचा पहारा

तिने इस्पितळाचं नेटवर्क राखणाऱ्या जोडीतल्या चालू फायरवॉलच्या तिसऱ्या पोर्टमधली केबल उपटली आणि मनात आकडे मोजायला लागली. तीनपर्यंत दुसऱ्या यंत्राने काम हातात घ्यायला हवं होतं. ती वीसपर्यंत मोजत गेली. दुसरं यंत्र ढिम्म.

केबल ओढणारे काका दारात उभे होते. काल त्यांच्या हातून हीच केबल सैल राहिली आणि इस्पितळाची लॅब चाळीस मिनिटं आंधळी झाली. सकाळीच साहेबांचं फर्मान निघालं होतं: काकांचा ठेका रद्द.

“घरी फ्यूज उडाला तरी बायको आधी माझ्याकडेच बघते,” काका म्हणाले. “या वेळी तिचं खरं झालं.”

ती हसली नाही. केबल परत बसवून तिने स्क्रीन उघडला. एक केबल सुटल्याने बोंब होऊ नये म्हणून तर दोन यंत्रं पोसायची. यंत्र ज्यांच्यावर पहारा ठेवतं त्या पोर्टांच्या यादीत आठांऐवजी सातच पोर्टं होती, तिसरं नव्हतं. तिसरं मेलं तरी यंत्राला पत्ता लागणार नव्हता. ते कुणी काढलं, त्या नोंदीत नाव तिचंच होतं.

तारीख आठ महिन्यांपूर्वीची, वेळ दुपारी चारची. वडिलांना घेऊन निघालेल्या गाडीत ती बसली होती आणि तिसऱ्या पोर्टच्या तक्रारींनी फोन सारखा कोकलत होता. तिने फोनवरच अंगठ्याने त्या पोर्टवरचा पहारा बंद केला. दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर होती. पहारा लावायचा राहूनच गेला.

तिने साहेबांना फोन लावला.

“साहेब, लॅब माझ्यामुळे बंद पडली. पहारा मी काढला होता.”

“ठाऊक आहे. सकाळीच पाहिली नोंद.”

“मग?”

“मग काय? तुम्ही कायम आहात, तो ठेक्यावरचा. अहवालात केबल लिहा आणि मोकळ्या व्हा.”

असल्या हरामखोरीला तिथे सांभाळून घेणं म्हणत.

तिने तिसरं पोर्ट यादीत घातलं. नोंद अहवालाला जोडली, इस्पितळाच्या संचालकांचाही पत्ता टाकला. नोकरी जाईल हे तिला दिसत होतं. छातीत काही हललं नाही. पहारा का काढला, त्या रकान्यात तिने टाइप केलं: त्या दिवशी माझे वडील गेले.

काकांनी चष्मा चढवून ते वाचलं. बराच वेळ वाचलं.

“हे पुसा,” ते म्हणाले. “यांना कशाला सांगता?”

तिने पुसलं. तिथे ‘निष्काळजीपणा’ लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला.