मोकळी सोडलेली क्रेन

साइटवर तिला सगळे घार म्हणत. दहा मजली अर्धवट इमारतीला खेटून उभ्या असलेल्या क्रेनच्या केबिनमध्ये ती सकाळी चढून बसायची, ती थेट जेवणाच्या सुट्टीलाच उतरायची. खालून तिचा धाकटा दीर वॉकीवर इशारे द्यायचा. घरी दोघांचं टीव्हीच्या रिमोटवरून वाजायचं, पण कामावर ती त्याच्याच डोळ्यांनी बघायची.

थंड हवेचा पट्टा येतोय, दुपारनंतर वादळी वारे सुटतील, असा इशारा सकाळीच फोनवर आला होता. साडेअकराला मात्र उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि वारा अगदी पडला होता. सळयांचा भारा आठव्या मजल्याच्या उंचीवर असताना तिने सहज मान वळवली. क्षितिजावर काळ्या ढगाची लांबलचक वळकटी पसरली होती आणि तिच्याखाली धुळीची भिंत. नदीपलीकडची झाडं एकामागून एक वाकत होती, अलीकडे पानही हलत नव्हतं.

 भारा खाली घेते, असं तिने वॉकीवर सांगितलं. नवव्या मजल्यावरचा सुपरवायझर तापला. काँक्रीटची गाडी दारात येऊन उभी होती.

"पाच मिनिटांचं तर काम आहे," तो म्हणाला.

"पाच मिनिटं नाहीत, साहेब. मला दिसतंय ते तुम्हाला दिसत नाहीये. माणसं खाली घ्या."

 मग वॉकीवर त्याचाच आवाज आला, सगळ्यांना स्लॅब सोडायला सांगणारा. दिराने भोंगा वाजवला. पत्र्याच्या कुंपणापाशी आणि बांबूच्या परांचीपाशी कुणी थांबू नका, तळमजल्यावरच्या काँक्रीटच्या जिन्याखाली शिरा, असं ओरडत तो माणसं हाकू लागला.

भारा जमिनीला टेकला. हूक सोडवल्याचा इशारा येताच तिने तो वर ओढून घेतला आणि क्रेनचा फिरण्याचा ब्रेक सोडून दिला. वाऱ्यात क्रेन अडवून धरली तर मोडते. मोकळी सोडली तर आपणच वाऱ्याकडे पाठ करते. मग तिने शिडी गाठली.

निम्मी उतरली असेल नसेल, तोच अंगावर गार झोत आला आणि पाठोपाठ वाऱ्याचा तडाखा. हातातली दांडी थरथरायला लागली. ती जवळच्या जाळीच्या टप्प्यावर बसली, सेफ्टी बेल्टचे दोन्ही हूक खांबाला अडकवले आणि खांबाला मिठी मारली. वर क्रेनचा लांबलचक हात करकरत फिरला, डुलला आणि वाऱ्याच्या दिशेने स्थिरावला. कुंपणाचे पत्रे पत्त्यांसारखे उडाले. एक तिच्या पायाखालून सूं करत गेला. भीतीने तिचे दात वाजत होते, आणि तरीही छातीत काहीतरी उसळत होतं. एवढं मोठं काही आजवर तिने पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात खाली दीर जिन्याच्या आडोशातून बाहेर धावताना दिसला. तिने वॉकी तोंडाशी धरला.

"भाऊजी, मागे फिरा. मी बांधून बसलेय. तुम्ही नाही."

तो घुटमळला.

"वहिनी, तुम्ही..."

"तुम्हाला काही झालं तर सासूबाईंना मी काय सांगू? आत जा."

तो गेला. पुढच्याच क्षणी अख्खी परांची, फळ्या-बांबूंसकट, तो उभा होता त्या जागी धाडकन कोसळली.

वीसेक मिनिटांत वारा ओसरला आणि थंड पाऊस सुरू झाला. ती कुडकुडत उतरली तेव्हा सुपरवायझर माणसं मोजत होता. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. एकाचा गुडघा खरचटला होता, बाकी सगळे धडधाकट. त्याने आपलं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं आणि तपासणी होईपर्यंत क्रेनला कुणी हात लावायचा नाही, असं स्वतःच जाहीर केलं.

दीर एव्हाना फोनवर होता. तोंड सुटलं होतं. तो तिच्या नवऱ्याला सांगत होता, की वहिनी आभाळात नुसत्या लोंबकळत होत्या.

तिने फोन हिसकावून घेतला.

"लोंबकळत नव्हते हो, चांगली बसले होते. पण काय दिसलं म्हणून सांगू तुम्हाला!"