सावळारामांची आगगाडी निघाली निरवांगीला

सावळाराम बारामतीच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. छत्तीस साली नोकरी संपली आणि त्यांनी निरवांगीला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. सगळा संसार एका बैलगाडीत मावला. अडचण होती ती फळीची. दोन बाजांएवढ्या त्या फळीवर त्यांनी पत्र्याचे रूळ ठोकले होते, काडेपेट्यांची स्टेशनं चिकटवली होती, पुठ्ठ्याचा बोगदा केला होता आणि त्यावरून किल्लीची आगगाडी गोल पळायची.

"दोन तुकडं करा की," त्यांची बायको साखरबाई म्हणाली.

"रूळ तोडायला मी काय दरोडेखोर हाय?"

शेवटी फळी सामानावर आडवी बांधली. ती दोन्हीकडून हातहातभर बाहेर आली. सावळाराम कोट-टोपी घालून मागं बसले, शिट्टी फुंकली, हिरवा बावटा दाखवला. गाडीवान हलेना.

"तात्या, माझ्या पाठीला डोळं न्हाईत. नुस्तं 'चल' म्हना की!"

"रेल्वेत 'चल' म्हनत न्हाईत."

मग बैलच शिट्टी ऐकून चालू लागले.

सणसरजवळ कालव्याकडेची वाट अरुंद. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस. तिथं समोरून नवरदेवाची गाडी आली. नवरदेवाचा बाप गेणबा ओरडला, "माघारी घ्या, लग्नाची येळ टळतीय!"

सावळारामांनी तांबडा बावटा काढला. "एकेरी लाईन हाय. टोकन ज्याच्या हातात, त्यानंच पुढं यायचं. कुठाय टोकन?"

वऱ्हाड एकमेकांची तोंडं बघू लागलं. साखरबाईनं गाठोड्यातलं लाटणं उपसलं आणि गेणबाच्या हातात दिलं. "हे घ्या टोकन. या आता."

सावळारामांनी तांबडा बावटा गुंडाळला. नियम तो नियम. पण आपली गाडी उसात दाबली तरी फळीमुळं नवरदेवाची गाडी जाईना. तेव्हा गेणबानं आठ गडी बोलावले आणि फळी खाली उतरवली.

नवरदेव जयवंता मुंडावळ्या बाजूला सारून वाकला. "ही पळती व्हय?"

झालं. सावळारामांनी किल्ली दिली. इंजिन खडखडत सुटलं आणि वऱ्हाड वाटेतच उकिडवं बसलं. वाजंत्रीवाल्याला राहवेना, त्यानं सनईवर इंजिनाची शिट्टी काढली.

थोड्या वेळानं नवरीचा बाप आप्पासाहेब घोड्यावरून तणतणत आला. "अक्षता हातात घिऊन मान्सं ताटकळली, अन् तुमी हितं..." तेवढ्यात आगगाडी बोगद्यातून बाहेर आली. आप्पासाहेब खाली उतरला. "पुन्यांदा आत घाला बरं."

अखेर साखरबाईनं किल्लीच काढून पदरात बांधली. "गाडी बंद! आधी लगीन उरका."

गड्यांनी फळी डोक्यावर उंच धरली आणि खालून बैलांसकट नवरदेव पार झाला. सावळारामांनी ताठ उभं राहून त्याला हिरवा बावटा दाखवला. सहा महिन्यांपूर्वी स्टेशनात शेवटचा बावटा दाखवला होता, त्यानंतर आज पहिल्यांदाच त्यांच्या बावट्यावर कुणी गाडी हाकली होती.

निरवांगीला ओसरीवर फळी मांडली. साखरबाईनं चुलीपासची काडेपेटी रिकामी केली आणि रुळाकडेला ठेवली.

"हे कऱ्हाटी. माझं म्हायेर."

"अगं, कऱ्हाटीला रेल्वे जात न्हाय!"

"किल्ली माझ्या पदरात हाय," ती म्हणाली.

सावळारामांनी डोकं खाजवलं, घसा खाकरला आणि गार्डाच्या खड्या आवाजात पुकारलं, "कऱ्हाटी! कऱ्हाटीवाले उतरा!"