फाटकाबाहेरची आरती

"मासी, तमे तो आवजो ज. पण एकलां," हार्दिकभाई दारातच उभे राहून म्हणाले. सोसायटीचे सेक्रेटरी असल्यामुळे वाईट बातमीसुद्धा त्यांना प्रसाद वाटल्यासारखी सांगता येत असे.

स्नेहलता दुर्वा निवडत होती. तिचा हात थांबला. "मी एकटीनंच? म्हणजे माझ्या मैत्रिणींनी सोसायटीच्या गणपतीला यायचं नाही?"

"हमणां वातावरण केवुं छे, खबर छे ने? लोक बोलतात," ते म्हणाले आणि लिफ्टकडे वळले.

तिचा मुलगा अनुज सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही, तेव्हाच तिला कळलं की या दोघांचं आधीच बोलणं झालेलं आहे.

"तुला माहीत होतं."

"आई, तुम्ही तिघी दर महिन्याला कधी देऊळ, कधी दर्गा करत हिंडता. मार्गारेट मावशींनी तुझा डोक्यावर पदर घेतलेला दर्ग्यातला फोटो स्टेटसला टाकला. सोसायटीच्या ग्रुपवर केवढं झालं! मला इथं राहायचंय गं."

"आणि मी काय, पाहुणी आहे?"

"फोन करून सांग त्यांना. तब्येत बरी नाही म्हणून."

"छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तब्येतीचं खरं लिहिलं मी. आता स्वतःच्या तब्येतीचं खोटं सांगू?"

ती, हमीदा आणि मार्गारेट एकाच दवाखान्यात नर्स होत्या. अजूनही एकमेकींना 'सिस्टर'च म्हणत. दिवाळीला हमीदानं तिची ड्यूटी करायची, ईदला तिनं हमीदाची, नाताळला दोघींनी मिळून मार्गारेटची. निवृत्त झाल्यावर हमीदाच म्हणाली होती की इतकी वर्षं एकमेकींच्या सणांसाठी ड्यूट्या बदलल्या, पण सुट्टी घेऊन दुसरी जाते कुठं ते काही पाहिलं नाही. मग दर महिन्याला एकीनं बाकीच्या दोघींना कुठल्यातरी देवाच्या दारी न्यायचं, अशी पाळी ठरली. नियम एकच, तोही मार्गारेटनं केलेला: जिथं एकीला मज्जाव तिथं तिघी बाहेर. अग्यारीत पारशांखेरीज कुणालाच सोडत नाहीत, हे तिथं पोचल्यावर कळलं. तर तिघींनी समोरच्या बाकावर बसून तासभर भिंतीला हात जोडले आणि येताना लहरीपुऱ्याच्या बाजारात भजी खाल्ली.

गेल्या महिन्यात चर्च झालं. सवयीनं स्नेहलतानं चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेली. आत सगळे बुटात. ती ओशाळली, तोच मार्गारेट मागे फिरून आपल्याही चपला काढून आली. हमीदानंही काढल्या. तिथं स्नेहलतानं दोन मेणबत्त्या घेतल्या. एक लावली, एक लाइट गेल्यावर उपयोगी पडेल म्हणून पर्समध्ये टाकली. या महिन्यात पाळी तिची होती आणि तिला आपला गणपती दाखवायचा होता.

संध्याकाळी सात वाजता मांडवात सगळे जमले. गोत्रीतल्या या गुजराती सोसायटीत मराठी घर हे एकच. अनुजला पहिल्या कडव्यापुढची आरती येत नव्हती, आणि बाकीच्यांची तर दरवर्षी स्नेहलताच्या ओठांवरच भिस्त. आज त्या ओठांची जागा रिकामी होती. हार्दिकभाईंनी आरतीचं ताट अनुजच्या हातात दिलं होतं.

स्नेहलता फाटकाबाहेर रस्त्यावर उभी होती. दोन्ही बाजूंना दोघी. हमीदानं गणपतीसाठी अगरबत्तीचा पुडा आणि काडेपेटी आणली होती. तिघींच्या चपला कडेला ओळीनं काढलेल्या होत्या.

"सिस्टर, तू जा अंदर. अमे अहींया ठीक छीए," मार्गारेट म्हणाली.

"नियम कुणी केला होता?"

मांडवात आरती सुरू झाली. पहिलं कडवं जोरात गेलं, दुसरं टाळ्यांवर निभावलं. तिसऱ्याला निम्मे एकीकडे गेले, निम्मे दुसरीकडे, आणि मग फक्त टाळ्या उरल्या. त्याही थांबल्या. सगळी तोंडं फाटकाकडे वळली. स्नेहलतानं ओठ घट्ट मिटून घेतले. या क्षणी तिला फार बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

हमीदानं तिला कोपरानं ढोसलं. "बोल ने. एमनो शुं वांक?" आणि बोट गणपतीकडे केलं.

खरंच, त्याचा काय दोष! स्नेहलतानं डोळे मिटले आणि तिसरं कडवं उचललं. रात्रपाळ्यांनी बसलेला घोगरा आवाज, पण शब्द एकही चुकला नाही. दोघींनी टाळ्यांचा ठेका धरला. मांडवातून काही जण दबक्या आवाजात तिच्या मागं म्हणू लागले.

आरती संपली. ताट मांडवात फिरलं. फाटकापर्यंत आलं नाही.

 स्नेहलतानं पर्समधून चर्चमधली ती मेणबत्ती काढली. हमीदानं काडी ओढली. दोघींनी ज्योतीवरून हात फिरवून तोंडावरून घेतले. मार्गारेटनं तर दोनदा घेतले.

अनुज लगबगीनं फाटकाबाहेर आला. हात रिकामे. मागे हार्दिकभाई आणि अख्खा मांडव बघत होता.

"आई, पुरे आता. घरी चल."

"आरती घे आधी," ती म्हणाली आणि मेणबत्ती त्याच्यासमोर धरली.

त्यानं मागे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मेण ओघळून तिच्या बोटांवर आलं. तिनं हात खाली घेतला नाही.