कुंचीचे बंद

कुंचीचा पहिला बंद नाहीसा झाला तेव्हा मी उंदराला दोष दिला. दुसरा गेला तेव्हा मात्र उजेडात नेऊन पाहिलं. उंदीर कुरतडतो. इथं तर कात्री चालली होती, अगदी सरळ, शिवणीला लागून. आणि आमच्या घरात कात्री एकीच्याच हातात असायची, माझ्या थोरल्या जावेच्या, आवडीबायच्या.

मी स्वभावानेच संशयी, ते कशाला लपवू? दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी कधी माप घेतलं नाही. नवरा वेळेआधी घरी आला तरी आनंद व्हायच्या आधी मला कारण हवं असायचं. त्यातून माझं पहिलं मूल पाचवी पुजायच्या आत गेलेलं. दुसरा मंगळ्या, मंगळवारी झाला म्हणून मंगळ्या. तो सहा महिन्यांचा झाला तरी मी त्याला धड कुणाच्या हातात दिला नव्हता. हा जगला पाहिजे, एवढं एकच मला कळत होतं, आणि बाकी सगळं जग मला त्याच्या वाइटावर टपलेलं दिसत होतं.

आम्ही कर्जतला स्टेशनामागच्या चाळीत राहत होतो. माझे यजमान हिरामण आणि थोरले दीर नागू, दोघंही इंजिनांच्या शेडमध्ये कामाला. दोन खोल्या, एक चूल, वर सासूबाईंची नजर. आवडीबायला मी लग्न होऊन यायच्या आधी एक मुलगी झाली होती. खालापूरला माहेरीच ती पोर पाच महिन्यांची होऊन गेली. आकडी आली, असं सगळे सांगत. त्यानंतर बाईची कूस पुन्हा उजवली नाही.

कुंची माझ्या माहेरची. हिरव्या खणाची, जरीच्या काठाची, कपाळावर मण्यांची झालर आणि हनुवटीखाली बांधायला गोंडे लावलेले लाल बंद. मंगळ्याला ती घातली की चाळीतल्या बाया कामं टाकून बघायला यायच्या. थंडी सुरू झाली तशी मी ती त्याला निजतानाही घालू लागले. कानाला वारा नको.

आवडीबाय म्हणाली, "सोने, दिवसा मिरव गं, पन निजवताना काढत जा. माजं जुनं लुगडं फाडून झबलं शिवलंय. गळ्याशी सैल हाय, बंद नाय, गाठ नाय. धुऊन धुऊन मऊ झालंय, पोराला टोचायचं नाय."

"माज्या पोरानं नवं टाकून चिंध्या घालायच्या व्हय?" मी म्हटलं.

तिनं झबलं माझ्यापुढे ठेवलं आणि ती चुलीकडे वळली. ती कधीच उलटून बोलायची नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग. झबलं मी फळीवर फेकून दिलं. माझ्या मुलाचं कौतुक हिला बघवत नाही, हे माझं तेव्हाच ठरलं होतं.

मग बंद जाऊ लागले. कुंचीचे दोन्ही गेले, पाठोपाठ एका अंगड्याचे दोन. शेजारच्या ठकीला मी हळूच सांगितलं, तर तिनं तोंडावर हातच ठेवला.

"तुला ठावं नाय? जिचं पोर गेलंय ती दुसरीच्या पोराच्या कापडाचा तुकडा कापून उशाखाली ठेवते. हिकडं पोर वाळत जातं न् तिकडं तिची कूस भरते. संबाळ गं बाय."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्याकडे तान्ह्याचे कपडे संध्याकाळी बाहेर दोरीवर ठेवत नाहीत ते त्यासाठीच. त्या दिवसापासून मी मंगळ्याचे हात-पाय चाचपू लागले. तो वाळतोय असं मला रोज वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, चांगला गुटगुटीत हाय की. पण त्यांना काय, त्यांना दोन सुना होत्या, मला मूल एकच.

ठाकुरवाडीचा चांगो भगत बाजाराच्या दिवशी मध विकायला खाली उतरायचा. त्याला गाठून मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, एक ताईत मंतरला, काळ्या दोऱ्यात ओवून दिला.

"कमरंला बांध, करदोट्यात," तो म्हणाला. "गळ्यात नको घालू. पोर हात-पाय मारतंय आता."

मी मान हलवली आणि घरी येऊन तो मंगळ्याच्या गळ्यात घातला. कमरेला बांधला तर लंगोटाखाली जाणार, मग आवडीबायला दिसणार कसा? तिला दिसायलाच हवा होता. दोरा दुहेरी करून चांगल्या तीन गाठी मारल्या.

तिला दिसला. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला, चेहरा उतरला.

"सोने, पाया पडते तुज्या," ती म्हणाली. "निजताना तरी काढ त्यो."

मला आणखी काय पुरावा हवा होता? ताईत तिला भोवला म्हणूनच ती गयावया करते आहे, असं मी धरून चालले. त्याच दिवशी सासूबाईंना सांगितलं, ह्या घरात एक तर ती राहील नाही तर मी. सासूबाईंनी दोन दिवस घेतले. नातू त्यांनाही हवा होता. शेवटी त्या म्हणाल्या, "आइतवारी नागू तिला खालापूरला पोचवंल. काय दिवस राहू दे तितं." काय दिवस म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही. आवडीबायनं गाठोडं बांधलं.

शनिवारी दुपारी मंगळ्याला पाळण्यात निजवून, सासूबाईंना दाराशी बसवून मी उल्हास नदीवर धुणं धुवायला गेले. येऊन बघते तर सासूबाई भिंतीला टेकून घोरतायत. आत पाळण्यावर आवडीबाय वाकलेली. एका हाताची बोटं माझ्या मुलाच्या गळ्याशी, दुसऱ्या हातात कात्री.

मी ओलं धुणं तिच्या अंगावर टाकलं, केस धरून तिला मागे ओढलं आणि ओरडले, "धावा गं, माज्या पोराला मारलं हिनं!" माझा आवाज पहिल्यापासून मोठा. साऱ्या चाळीनं ऐकला. ठकी आली, मागून पाच-सहा बाया आल्या, कुणीतरी शेडकडे निरोप धाडला. कात्री जमिनीवर पडली होती. मंगळ्याला छातीशी धरून मी आवडीबायला तोंडाला येईल ते बोलत होते आणि ती ऐकत होती. मंगळ्या रडत होता.

मग माझ्या लक्षात आलं की तो आता रडतोय. मी दारात आले तेव्हा घरात आवाज नव्हता.

मी त्याचं तोंड पाहिलं. ओठ अजून काळे-निळे होते. गळ्याभोवती लाल वळ उठला होता, दोऱ्याच्या जाडीचा. पाळण्याच्या कठड्याला लाकडी बोंडं होती, त्यातल्या एका बोंडाला कापलेला काळा दोरा अडकून राहिला होता आणि त्याला चांगो भगताचा ताईत लोंबत होता. माझ्या तीनही गाठी शाबूत होत्या.

मी दार लावून घेतलं. बाया आणि सासूबाई बाहेर राहिल्या.

आवडीबायनं बांधलेलं गाठोडं सोडलं आणि तळातून एक पुडी काढून माझ्यासमोर उघडली. त्यात कुंचीचे लाल बंद होते, अंगड्याचे दोन होते. आणि एक पिवळा, जुना, विटलेला. त्याची गाठ तशीच होती. तो मागच्या बाजूनं कापलेला होता. टोकं जुळवली तर माझ्या चार बोटांत मावेल एवढंसं कडं झालं असतं.

"गाठ सुटंना," ती म्हणाली. "सकाळी बगितलं तं कुंची फिरून गळ्याशी आवळलेली. कात्री सापडंपातूर पोर गार झालं व्हतं. मीच बांदला व्हता गं. थंडी लागंल म्हून घट बांदला."

"न् आकडी?"

"आयनं तसं सांगाया लावलं. ह्यांना बी ठावं नाय."

मला रडू फुटलं. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं मला वर उठवलं आणि म्हणाली, "पोराला पाज आदी."

दुसऱ्या दिवशी नागूभावजी गाठोडं घेऊन ओट्यावर उभे होते. सासूबाईंना मी दोऱ्याचं सांगितलं होतं, पण रात्रभरात चाळीत बोभाटा झाला होता आणि आता तिला ठेवून घ्यायचा त्यांना धीर होत नव्हता. बाया आपापल्या दारात येऊन बसल्या होत्या, चेटकीण जाताना बघायला. मी फळीवरचं ते झबलं मंगळ्याला घातलं, बाहेर आले आणि आदल्या दिवशी ओरडले होते त्याच आवाजात सांगितलं, "माज्या हातानं बांदलेल्या दोऱ्यानं पोर मरत व्हतं. हिनं वाचवलं. ही कुटं जानार नाय." पिवळ्या बंदाचं मात्र बोलले नाही. आता ती वारली, म्हणून आज पहिल्यांदा बोलते आहे.

ठकी शेजारणीच्या कानात म्हणाली, "बगा, आता सोनूवर बी करनी केली." तिनं ते पुढची वीस वर्षं सांगितलं. मी ओरडलेलं सगळ्यांना पटलं होतं, नंतरचं कुणालाच पटलं नाही.

मी मंगळ्याला आवडीबायपुढे धरला. सहा महिन्यांत मी तिला त्याला उचलू दिलं नव्हतं. तिनं त्याला घेतलं, पण पापा घेतला नाही की छातीशी धरलं नाही. आधी झबल्याच्या गळ्यात एक बोट घातलं आणि ते सावकाश सगळीकडून फिरवून पाहिलं. मगच ती खाली बसली.