तान वनफूचा ठसा

"अंगठा उठव आणि मोकळी हो, वहिनी," फांग कारकून म्हणाला.

शिंगअर अंगणात कोळसा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "काय लिहिलंय त्यात?"

"तुझा नवरा आजारी होता, हात कापत होता, म्हणून लगड हिणकस उतरली. बास. तूट तेवढी भरून दे. आम्ही त्याचा ठसा वेशीवर फोडतो आणि तुझ्या पुतण्याच्या नावानं नवा देतो. भट्टी चालू राहील. आणखी काय पाहिजे तुला?"

"वेशीवर. ढोल वाजवून."

"रिवाजच आहे तो! मेलेल्याला काय फरक पडतो?"

"मेलेल्याला नसेल पडत, मला पडतो." तिनं हातोडी खाली ठेवली. "ती लगड मला बघायची आहे."

"बघायची आहे? लगड प्रांताच्या खजिन्यात आहे, बये. नावेनं चार दिवस लागतात."

"मग चार दिवस लागतील."

गावोगावच्या सारावसुलीची चांदी चुऱ्यातुकड्यांनी यायची आणि तान वनफूच्या भट्टीत वितळून पन्नास ल्यांग वजनाची एकेक लगड व्हायची, बुडाशी नावेसारखी, दोन्ही टोकांना वर उचललेली. ती गरम असतानाच तिच्यावर ओतणाऱ्याच्या नावाचा ठसा मारायचा. पुढे कुठेही चांदी खोटी निघाली की त्या नावाची मानगूट धरायची. माणूस जिवंत असो की मेलेला. वनफूला जाऊन चाळीस दिवस झाले होते.

"आणि आता दिवस पूर्वीचे नाहीत," फांग जाता जाता म्हणाला. "परदेशी गलबतं अफू उतरवतात आणि चांदी भरून नेतात. वरचे लोक एकेक लगड छिन्नीनं फोडून बघायला लागलेत. तुझ्या रडण्याला तिथं कुणी विचारणार नाही."

"रडतंय कोण?" शिंगअर म्हणाली.

ती एवढी ताठ बोलत होती, कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. वनफूच्या डोळ्यांवर तीन वर्षांपूर्वीच पडदा आला होता. तेव्हापासून त्या भट्टीतली प्रत्येक लगड तिनं ओतली होती. तो शेजारी बसून शिव्या घालायचा आणि शेवटी ठसा तेवढा मारायचा. बाईनं भाता ओढलेला चालतो, मूस हातात घेतलेली चालत नाही. भट्टीचा देव कोपतो म्हणे. तीन वर्षांत देवाला पत्ता लागला नव्हता, मग फांगला कुठून लागणार? आपल्या हातची एकही लगड हिणकस नव्हती याची तिला खात्री होती. तेव्हा ही लगड कुणा चोरानं खोटा ठसा करून खपवलेली. दुसरं काय असणार? तिनं घरातला ठसा कमरेला बांधला, सोबत भाकऱ्या आणि खारवलेला मुळा घेतला आणि गान नदीवर नाव धरली.

खजिन्याच्या चौकात वेई नावाचा म्हातारा कसोटीवाला बसत असे. चाळीस वर्षं चांदी बघून बघून त्याची नजर अशी झाली होती की माणसांकडेही तो तसाच बघायचा. सोबत आलेल्या फांगनं कागद पुढे केला. वेईनं फडक्यातून लगड काढली आणि शिंगअरच्या पुढ्यात ठेवली. "बघ, बाई. ठसा तुझ्याच घरचा आहे ना?"

तिनं आधी ठसा पाहिला नाही. तिनं काठ पाहिला.

साच्यात चांदी ओतली की ती थिजायच्या आत साच्याला ठोका द्यावा लागतो. ज्या हातानं ठोका द्यावा त्या बाजूचा काठ केसभर उंच राहतो. शिंगअरच्या लगडींचा उजवा काठ उंच असे. या लगडीचा डावा होता. आणि त्या अख्ख्या मुलखात डाव्या हाताचा ओतारी एकच होऊन गेला. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी कुणी बसायला मागत नसे, कोपराला कोपर लागून रस्सा सांडायचा.

तिचा वनफू. पाचव्या महिन्यात भाचीच्या लग्नाला ती दोन दिवस माहेरी गेली होती. परत आली तर वनफू दारातच उभा. त्यानं स्वतः शेवया शिजवल्या होत्या, निम्म्या चुलीत सांडल्या होत्या. "आज मी एक ओतली, शिंगअर! माझी मी! म्हातारा मेला नाही अजून!" लगड तेव्हाच सरकारी माणूस घेऊन गेला होता. ती काही विचारू शकली असती. पण तो इतका हसत होता, की तिनं शेवया खाल्ल्या आणि छान झाल्यात म्हणाली. चांदीवर तरंगणारी शिशाची साय संपली की नाही, हे त्या डोळ्यांना दिसलंच नसणार.

"ठसा आमच्याच घरचा," ती म्हणाली.

"झालं तर!" फांगनं शाईची डबी उघडली. "उठव अंगठा."

"पण लगड त्याची नाही. माझी आहे."

फांग खो खो हसला. "तुझी? उद्या म्हणशील बादशहाचा मुकुटही मीच घडवला!"

"तो अंथरुणावर होता. त्याला न सांगता मी ओतली आणि त्याचा ठसा मारला. चूक माझी. ठशाची नाही."

खजिन्याचा अधिकारी पायरीवर येऊन ऐकत होता. "अगं, कळतंय का तुला काय बोलतेस ते? भट्टीला कायमचं कुलूप लागेल. पुतण्यालाही ठसा मिळणार नाही. वर हातावर वीस छड्या."

"कळतंय, साहेब."

"बाई मूस उचलते यावर विश्वास कोण ठेवणार?"

"भट्टी पेटवा," शिंगअर म्हणाली.

तिनं बाह्या खोचल्या. तीच लगड मुशीत टाकली आणि तूट भरायला हातातलं लग्नातलं कडं काढून वर ठेवलं. भाता सुरू झाला. शिशाची साय रंग बदलत सरकू लागली, फाटू लागली, आणि फांगला जिथं काहीच दिसलं नाही तिथं तिला हवा तो क्षण दिसला. तिनं चिमट्यानं मूस उचलली, न डगमगता साच्यात रिकामी केली आणि ठोक्याची काठी घ्यायला उजवा हात पुढे केला.

"डावा, बाई," वेई अगदी हळू म्हणाला. तो लगडीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

शिंगअरनं काठी डाव्या हातात घेतली. त्या हातानं तिनं जन्मात कधी ठोका दिला नव्हता. पण तीस वर्षं त्या हाताकडे बघण्यात गेली होती. एक जोराचा, दोन हलके. चांदीवर लाटा उठल्या आणि थिजल्या. वेईनं लगड फिरवून बघितली. डावा काठ उंच होता.

"हात तोच आहे, साहेब," वेई म्हणाला. "आणि चांदी आता चोख आहे."

मग कारकुनांनी वहीत लिहून घेतलं. तिच्या हातच्या तीन वर्षांच्या चोख लगडी वनफूच्या नावानं खजिन्यात होत्या. त्याच्या हातची एकुलती एक हिणकस तिच्या नावावर लागली. तिनं काहीच हरकत घेतली नाही. छड्यांसाठी तिनं डावा हात पुढे केला. तिनं कमरेचा सोडून दिलेला ठसा तपासून, पुसून, अखंड परत मिळाला.

ती घरी पोचायच्या आधीच भट्टीचं तोंड मातीनं लिंपून वर सरकारी कागद चिकटवलेला होता. पुतण्या दारात तोंड पाडून उभा. "काकू, आता खायचं काय?"

"हात आहेत ना? धुणं धुईन लोकांचं. चल, पाणी आण."

तिनं शेवया शिजवल्या. पूजेला मांडलेल्या वनफूच्या नावाच्या पाटीपुढे ठसा ठेवला आणि वाफाळता वाडगा ठेवला. "आगाऊ म्हातारा," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून सुजल्या हातानं तिनं जेवणाच्या काड्या उचलल्या आणि वाडग्याच्या डाव्या बाजूला ठेवल्या.