लाँचवर पोस्टमन येत नाही

आमच्या घराला दार नाही, शिडी आहे. भरतीला तिच्या खालच्या पायऱ्या पाण्यात असतात आणि ओहोटीला चिखलात, त्यामुळे पाहुण्यांनी आधी पाणी बघावं आणि मग आमची आठवण काढावी, हे बरं. घर म्हणजे बाबांची जुनी लाँच. इंजिन केव्हाच काढलंय. राजिवड्याच्या खाडीत ती नांगरून ठेवलेली आहे आणि तिच्या केबिनमध्ये आई, बाबा आणि मी राहतो. बुरोंडीचं घर समुद्राच्या बाजूनं खचलं, माझं नर्सिंगचं शिक्षण रत्नागिरीत चालू होतं, म्हणून बाबांनी सगळं सामान लाँचवर चढवलं आणि ती इथं आणून उभी केली. तात्पुरती, असं ते तेव्हा म्हणाले होते. अजूनही तेच म्हणतात. छोटी होडी घेऊन ते खाडीच्या तोंडाशी जाळं टाकतात आणि आपल्याइतका सुखी माणूस अख्ख्या किनारपट्टीवर नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांना कधी कुठला अर्ज भरायचा नसतो ना!

अर्ज मला भरायचे असतात. कुरिअरवाला फोन करतो आणि विचारतो, "मॅडम, जवळची खूण काय?" मी सांगते, निळ्या लाँचच्या पलीकडची हिरवी लाँच. तो फोन ठेवून देतो. बँकेला पत्ता लागतो, गॅसला लागतो, आधारला लागतो. लाँचला रजिस्ट्रेशन नंबर असतो, पिनकोड नसतो. म्हणून आमचे सगळे कागद मांडवीत गोदूआत्याच्या घरी नांदतात.

गोदूआत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, कौलारू घर तिच्या नावावर, आणि मासळीबाजारात तिच्यासमोर घासाघीस करायची कुणाची छाती नाही. आम्ही बुरोंडीहून आलो तेव्हा तिनं मागची खोली सारवून ठेवली होती. आईनं उंबऱ्यातूनच आत बघितलं आणि लाँचवर परत आल्यावर म्हणाली, "नणंदेच्या घरात रवायचं म्हंजे चिमूटभर मीठ घेताना पन इचारावं लागंल. त्यापेक्षा मी पान्यावर रवीन." आणि खरंच राहिली. माझ्या आईचं नाव गुणवंती आहे. नाव ठेवणाऱ्यांनी तिचा हट्ट हिशेबात धरला नव्हता.

शिक्षण संपलं आणि मस्कतच्या एका हॉस्पिटलसाठी आमच्या वर्गातल्या काही मुलींची निवड झाली. त्यात मी होते. बॅच शिमग्याआधी निघणार होती. बाकी सगळं जमलं होतं, माझा पासपोर्ट तेवढा यायचा होता. तो आला नाही तर बॅच माझ्यासाठी थांबणार नव्हती. पासपोर्ट फक्त पत्त्यावर येतो, पत्ता होता आत्याचा, आणि आईचा सगळ्या जगात कुणावर विश्वास नसेल तर आत्यावर नव्हता.

पहिली ठिणगी पडली ती पोलीस चौकशीच्या दिवशी. आत्याचा फोन आला, "पोलीस येनार हाय, लवकर ये." मी धावत गेले. आई मागोमाग आली. बघते तर आत्याच्या मागच्या खोलीत माझ्यासाठी कॉट टाकलेली, तिच्यावर धुतलेली चादर, खुंटीला माझा पिवळा ड्रेस. कॉन्स्टेबलनं विचारलं, "मुलगी इथंच राहते?" आत्या म्हणाली, "मंग कुठं रवनार? ही तिची कॉट." तो लिहून घेऊन गेला.

"तुजा ड्रेस तिच्या खुंटीवर कसा?" परत येताना आईनं विचारलं.

"मागे पावसात भिजले होते तेव्हा तिथंच राहिला असेल."

"पावसाळा कधी सरला? येवढे दिवस जपून ठेवलान होय? मला कळतं सगळं. तुज्यासाठी खोली तयार करून ठेवलेन हाय तिनं. तुला हितंच ठेवायची, हर्षदच्या गळ्यात बांधायची."

हर्षद हा आत्याच्या दिराचा मुलगा. बर्फाच्या कारखान्यात कामाला. मुलगा चांगला आहे, पण आम्हा दोघांना एकमेकांशी लग्न करायची इच्छा आहे हे फक्त आईला माहीत होतं. आम्हाला नव्हतं. मी हसले. आई हसली नाही.

मग वाट्याचं प्रकरण झालं. आमच्यात होडी लागली की जवळच्या माणसांच्या घरी कालवणापुरते मासे जातात. त्याला वाटा म्हणतात. भांडण असो, अबोला असो, वाटा जातो आणि समोरचा तो घेतो. वाटा परत आला तर मात्र नातं तुटलं म्हणून समजायचं, मग बोलायचं काही उरत नाही. बाबांनी पाठवलेला वाटा आत्यानं आजवर कधी नाकारला नव्हता. त्या दिवशी मी बांगडे घेऊन गेले तर म्हणाली, "आज नको बाय. पोट बरं नाय."

मी मुकाट परत आणले. आईनं टोपलीत बघितलं.

"गुरुवार होता का?"

"बुधवार आहे."

"संकष्टी?"

"नाही."

"मार्गशीर्ष पन सरला." आई खाली बसली. "घेतलान नाय तिनं."

"पोट बरं नाही म्हणाली."

"तिचं पोट? ती तापात पन सुकट भाजून खाते."

हे मात्र खरं होतं. आत्याला नाश्त्याला चहाबरोबर बांगडा लागतो. पुढच्या खेपेला मी कोळंबी नेली. कोळंबी म्हणजे आत्याचा जीव. तिनं टोपलीवरचं फडकं उचललं, नुसतं बघितलं आणि पुन्हा झाकलं. "घेऊन जा. तुजी आवस करंल." आवस म्हणजे आई.

आता मलाही बरं वाटेना. आई दिवसभर एकच धरून बसली होती: ज्याचं वाईट करायचं त्याचा वाटा माणूस कसा खाईल? घशाखाली उतरेल का? मी तिला वेड्यात काढत होते, पण रात्री पडल्या पडल्या मीही तोच हिशेब मांडू लागले. आत्यानं चादर का धुतली? कॉन्स्टेबल आला तेव्हा ती एवढी तयार कशी? मधे मी गेले तर हर्षदची आई ओटीवर बसली होती, आणि मला बघून दोघी बोलायच्या थांबल्या. दोघींनी एकदम "ये गो" म्हटलं. कुणी एकदम असं म्हणालं की समजावं, आपलाच विषय चालू होता.

तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला. पासपोर्ट मुंबईहून निघाला होता. मग दिसलं, रत्नागिरीत पोचला. मी आत्याकडे गेले. ती म्हणाली, "पोस्टमन आला नाय." मी गल्लीच्या तोंडाशी येते तर पोस्टमन सायकल हातात धरून बाहेर पडत होता.

मी परत फिरले नाही, त्याला हाकही मारली नाही. सरळ लाँचवर आले आणि आईला सांगून टाकलं. खरं तर मला धीर हवा होता. आई म्हणाली, "बरं." एवढंच. आई एका शब्दात आटपते तेव्हा बाबा होडी घेऊन निघून जातात, पण मला तेव्हा ते सुचलं नाही.

सकाळी आई लुगडं बदलून एकटीच किनाऱ्यावर गेली आणि आली ती प्रसन्न चेहऱ्यानं. भाकऱ्या थापताना गुणगुणत होती.

"कुठं गेली होतीस?"

"कुठं नाय. आता बघू, कशी लपवते ती."

दुपारनंतर मी मोबाइल उघडला. पासपोर्टापुढे लिहिलं होतं: या पत्त्यावर राहत नाही, परत पाठवला.

परत म्हणजे मुंबई, मग पुन्हा चौकशी, पुन्हा रांग. तोवर बॅच गेलेली असणार. माझ्या डोक्यात एकच नाव आलं. मी तशीच मांडवीला गेले, चपला न काढता आत घुसले.

आत्या जेवत होती. बाजारातून आलेली, अंगाला मासळीचा वास, आणि ताटात भात आणि डाळ. बाजूला लोणचं. हर्षदची आई समोर बसली होती.

"काय सांगितलंस पोस्टमनला?" मी ओरडले. "मी इथं राहत नाही म्हणून सांगितलंस ना?"

आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. "मी? काल तो बाजूच्या घरी टपाल देऊन गेला, आपल्याकडं आलाच नाय. आज मी त्याच्यामागं रस्त्यापर्यंत धावले. म्हटलं, पोरगी हितंच रवते, आता बोलावते. त्यानं आयकलान नाय. म्हनला, सकाळी एक बाई रस्त्यात भेटली. बोलली, ऋतिका त्या घरात रवत नाय, तिचं काय आलं तर खाडीतल्या लाँचवर आनून द्या. लाँचवर टपाल देता येत नाय म्हनला. आनि रवत नाय असं कळल्यावर हितं पन देता येत नाय."

"कोण बाई?"

"ते मी इचारलं नाय," आत्या म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

विचारायची गरजच नव्हती.

हर्षदची आई आता तडकली. "हिच्यावर ओरडतंस? ताट बघ तिचं. पोलीस येऊन गेला त्या दिवसापासून मासं सोडलान तिनं. भगवतीला बोललेन हाय, पोरीचा पासपोर्ट तिच्या हातात पडंस्तोवर तोंडात मासा घालनार नाय. बाजारात दिवसभर मासं इकायचं आनि घरी येऊन डाळ. मी हर्षदसाठी तुला मागायला आले होते, तर मला सरळ नाय म्हनली. पोरगी मस्कतला जानार हाय, तिचं नाव काढू नको म्हनली."

"गप गो," आत्या म्हणाली. "बोललेलं सांगायचं नसतं."

मला रडूही येईना. आईचा इतका राग मला जन्मात आला नव्हता. आणि रागाच्या खाली लाज होती, कारण दोन पावलं पुढं जाऊन पोस्टमनला हाक मारायच्याऐवजी मी आईकडे पळाले होते.

लाँचवर येऊन मी आईला सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. भाकरी करपली, केबिनभर धूर झाला, तरी ती तशीच बसून. बाबांनी येऊन तवा उतरवला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आईला काहीतरी सुनावलं, तेही अगदी हळू: "गुणवंते, ती माजी बहीन हाय गो."

बॅच गेली. मी स्टँडवर मैत्रिणींना सोडायला गेले आणि हसून हात हलवला. पुढच्या बॅचला तुमचं नाव धरू, पण पासपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येत नाही, असं हॉस्पिटलकडून कळलं. मुंबईच्या ऑफिसनं पुन्हा चौकशी लावली. मी आईशी कामापुरतं बोलत होते. तीही मला काही विचारत नव्हती.

एका दुपारी भर उन्हात आईनं गादी गुंडाळून डोक्यावर घेतली, माझी बॅग हातात घेतली आणि शिडी उतरली. अख्ख्या बंदरानं बघितलं. मी मागून गेले. आत्याच्या दारात आई उभी राहिली, आणि तिला आत ये म्हणायच्या आधी आत्यानं तिच्या डोक्यावरची गादी काढून घेतली. आठवडाभर त्या घरात दोन बायका एकमेकींना अडखळत वावरत होत्या. आत्यानं दोषाचा शब्द काढला नाही. आईला ते शिव्यांपेक्षा जड जात होतं, दिसत होतं ते.

मग तोच कॉन्स्टेबल पुन्हा आला. या वेळी तो ओटीवर बसला नाही, उभाच राहिला. शेजारीपाजारी दारात जमले.

"मागच्या वेळी मुलगी इथं राहते म्हणून मी लिहून नेलं," तो म्हणाला, "आणि पोस्टमनला कुणा बाईनं सांगितलं की मुलगी इथं राहत नाही. कोण होती ती?"

"असंल कोन तरी," आत्या पटकन म्हणाली. "आमच्या वायटावर काय कमी लोकं हायत? तुमी लिवा साहेब, पोरगी हितंच रवते."

तेवढ्यावर भागलं असतं. कॉन्स्टेबलनं पेन उघडलंही होतं. पण आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला खोबऱ्याचा कीस लागलेला.

"ती बाई मी," आई म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"हिची आवस."

कॉन्स्टेबलनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आईनंच सांगितलं? का?"

"मला वाटलं, ही माजी पोर ठेवून घेते." आईनं आत्याकडे हात केला. "मागच्या वेळी पोरगी हितं रवत नव्हती, लाँचवर रवत होती. ही खोटं बोलली ती माज्या पोरीसाठी. आनि मी खरं बोलले ती..." सगळ्या आळीसमोर माझी आई रडली. पाण्यावर राहीन म्हणणारी, कुणासमोर डोळ्याला पदर न लावणारी माझी आई.

माझा राग गेला नव्हता. खोटं कशाला सांगू, आजही पुरता गेलेला नाही. पण मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"आता रडतंस काय?" आत्या तिच्यावर खेकसली. तिचाही आवाज फाटला होता. "साहेब उभे हायत. कुठं रवतंस ते सांग त्यांना."

आईनं मनगटानं डोळे पुसले.

"हितं," ती म्हणाली. "आमी दोघी हितं रवतो. माज्या नणंदेच्या घरात."

कॉन्स्टेबलनं ते लिहून घेतलं.